वाचकांचे प्रश्न : तयार झालेलं माणूस टिकवायचं कसं?

या वेळच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रं जास्त होती. कोकणातून माणूस बाहेर जाणं जुनंच. तो गिरणीत जायचा, घरी मनीऑर्डर यायची, गणपती-शिमग्याला चाकरमानी हजर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत तर रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली, सिंधुदुर्गाचीही घटली. आता नर्स, डॉक्टर, डिझेल मेकॅनिक असे शिकून तयार झालेले हात जातायत, आणि त्यांच्या जागी लगेच उभं करायला दुसरं कोणी नसतं. निवडक पत्रांना उत्तरं देतो आहोत.

माझं २० खाटांचं रुग्णालय आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या मुली येतात, दोन वर्षांत तयार होतात आणि आखातात नाहीतर पुण्या-मुंबईला जातात. तीन वर्षांचा बाँड घ्या, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्या, असा सल्ला मिळाला. कायद्यात बसतं का? — एक डॉक्टर, कणकवली तालुका

प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका. ती तिची आहेत, अडवून ठेवायला कायद्याचा आधार नाही, आणि तक्रार झाली तर निस्तरायचं तुम्हालाच.

बाँडचं थोडं वेगळं आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे ‘नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही’ ही अट टिकत नाही. मात्र नोकरीची किमान मुदत ठरवणं आणि ती मोडल्यास वाजवी भरपाई मागणं चालतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात ‘तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये’ ही अट वैध धरली. पण ती सार्वजनिक क्षेत्रातली बँक होती, भरती खर्चाची होती आणि अधिकाऱ्याचा पगारही त्या मानाने होता. पंधरा हजार पगाराच्या नर्सवर तोच आकडा लावलात, तर त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली (करार मोडल्याची भरपाई) ‘तुमचं नुकसान नेमकं किती झालं?’ हा प्रश्न पहिला येईल. बाँड करायचाच असेल तर प्रत्यक्ष खर्च लिहा. कोणतं प्रशिक्षण, कुठे, किती रुपये. आणि सेवेच्या प्रत्येक महिन्यागणिक ती रक्कम कमी होत जाईल असं कलम घाला.

बाँडचा उपयोग विचाराल तर फारसा नाही. दोन वर्षांनीच का जातात? कारण बाहेरचे मालक साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे तुमच्याकडे येतानाच तिचं वेळापत्रक ठरलेलं असतं. काही जणी जाणारच हे धरून चाला आणि ज्या राहू शकतात त्यांना काय नडतं ते बघा.

पहिलं नडतं ड्युटीचं गणित. प्रत्येक पाळीत दोन नर्स म्हटलं तर तीन पाळ्यांना रोज सहा. एका नर्सचे वर्षातले ५२ साप्ताहिक सुट्टीचे दिवस आणि ३० रजा वजा केल्या तर ती २८३ दिवस हाताशी असते. ६ गुणिले ३६५ भागिले २८३, म्हणजे पावणेआठ. आठ नर्स लागतात. बहुतेक छोट्या रुग्णालयांत पाच-सहा असतात आणि उरलेलं ‘डबल’ करून भागवलं जातं. एक गेली की बाकीच्यांवर भार पडतो, म्हणून दुसरी जाते, मग तिसरी. आठव्या नर्सचा पगार वाचवताना तीन जणी गमावतो हे हिशेबाच्या वहीत कुठे दिसत नाही.

दुसरं, एसटी. दुपारची पाळी रात्री आठला सुटते आणि गावाकडची शेवटची गाडी साडेसातला गेलेली असते. मग रोज भावाला मोटारसायकल घेऊन बोलवायचं, पावसाळ्यात तेही नाही. पाळीची वेळ डेपोचं वेळापत्रक समोर ठेवून ठरवा. अर्धा तास पुढे-मागे करायला काही खर्च येत नाही. पंचक्रोशीतली लग्न झालेली नर्स हीच सर्वांत टिकणारी, आणि तिला आपण नेमकं इथे गमावतो.

तिसरं, पैसे. पहिला पगार सगळेच बाजारभावाने देतात, तिसऱ्या वर्षीही तोच असतो. तिच्या नावावर आवर्ती ठेव काढा. पगारातून न कापता दरमहा दीड हजार तुम्ही भरा. ३६ महिने पूर्ण केले तर ५४ हजार आणि व्याज तिचं, हे नेमणूकपत्रातच लिहून द्या. जाताना कापण्यापेक्षा राहिल्याबद्दल दिलेलं जास्त काम करतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर राज्य कामगार विमा आणि वीस किंवा जास्त असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो, तो टाळू नका. वीसपेक्षा कमी असतील तरी मालक-कामगारांच्या संमतीने निधीत जाता येतं. सरकारी नोकरीची वाट बघत तुमच्याकडे थांबलेल्या मुलीच्या घरचे हाच प्रश्न आधी विचारतात.

मी जीएनएम, तीन वर्षं अनुभव. एजंट आखातातल्या नोकरीसाठी अडीच लाख मागतो, ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलू’ म्हणतो. मैत्रीण जर्मनी म्हणते. काय बघून ठरवू? — एक वाचक, मालवण

त्या एजंटाला नाही म्हणा, ताई. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे, आणि तसं गेल्यावर पगार अडला तर दाद मागायला हातात कागदच नसतो.

आखाती देशांसह एकूण १८ देशांसाठी नर्सना वेगळा नियम आहे. दहावी पास असल्यामुळे पासपोर्टवर ‘ईसीआर’चा (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) शिक्का नसला, तरी २०१५ पासून नर्सला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देश सोडायची सरकारी परवानगी, घ्यावीच लागते, आणि भरती मुख्यतः ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फत होते. केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक त्यांपैकीच. एजंटाचा परवाना आणि मालकाची मागणी दोन्ही केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतात. क्लिअरन्सच्या वेळी प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी निघते. दोन वर्षांना २७५ रुपये किंवा तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण. एजंटाने ‘विम्याचे दहा हजार’ सांगितले तर हा आकडा त्याला ऐकवा.

कागदपत्रांत बहुतेक अर्ज अडतात ते नावापाशी. मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, नोंदणी प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. अर्ज करण्याआधी सगळ्या कागदांवरचं नाव एक करून घ्या. राजपत्रात नावबदल आणि विवाह नोंदणी दाखला दोन्ही हाताशी ठेवा. दुसरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची. त्यावर रुग्णालयाच्या खाटा, तुमचा विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि चालू ई-मेल हवा. पडताळणी करणारी संस्था थेट रुग्णालयाला आणि कॉलेजला विचारते. तिकडून उत्तर गेलं नाही की तुमचा अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. (वरच्या पत्रातल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या व्यवसायबंधूंनी हेही वाचावं. सोडून गेलेल्या मुलीच्या पडताळणीला उत्तर न देणं हा काही ठिकाणी सूड म्हणून वापरला जातो. पुढची मुलगी रुजू होण्याआधी तुमच्याविषयी तिलाच विचारते.) तिसरा कागद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र, म्हणजे तुमची नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचा दाखला. आधी नोंदणीचं नूतनीकरण झालं आहे का ते बघा.

जर्मनीचा रस्ता लांब पण सरळ आहे. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला जर्मन भाषेची बी-२ (मध्यमाच्या वरची) पातळी लागते. शून्यापासून नीट शिकलं तर तिथवर पोचायला वर्षभर धरा. ड्युटी करून संध्याकाळी तास-दीड तास देणार असाल तर त्याहून जास्त. तिकडे गेल्यावर तुमच्या अभ्यासक्रमाची त्यांच्या अभ्यासक्रमाशी तुलना होते, कमी पडेल तेवढं प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि तोवर सहायकाच्या पगारावर काम असतं. हा मधला काळ एजंट सांगत नाहीत. ‘ट्रिपल विन’सारख्या नर्सभरतीच्या सरकारी कार्यक्रमात खर्च मालक करतो, नर्सकडून शुल्क घेत नाहीत. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. नोकरीच्या करारात एक कलम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा : ठरावीक वर्षांआधी नोकरी सोडली तर भाषाशिक्षणाचा खर्च किती परत करायचा. आकडा लिहिलेला नसेल तर सही करू नका.

सरकारी कॉलेजात आमच्या करातून डॉक्टर घडवायचे आणि त्यांनी परदेशात जायचं. बंदी किंवा कर का लावत नाहीत? — एक निवृत्त शिक्षक, अलिबाग

कराची कल्पना जुनी आहे. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात ती मांडली : परदेशी गेलेल्या कुशल माणसाच्या तिकडच्या मिळकतीवर थोडा कर आणि तो पैसा मायदेशाच्या विकासाला. अडतं ते वसुलीत. मिळकतीची माहिती तिकडच्या सरकारकडे आणि ते ती कशाला देईल? शिवाय आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परका पासपोर्ट घेतला त्या दिवशी माणूस कराच्या जाळ्यातून बाहेर.

बंदीचा अनुभवही फार चांगला नाही. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, फिलिपिन्सने नर्सना आधी रोखलं, मग वर्षाला ५,००० ची मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी ती वाढवावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आचारसंहिता श्रीमंत देशांना संयम सांगते, पण ती ऐच्छिक आहे. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाच्या सेवेचा बाँड आहे. त्या वर्षात डॉक्टर येतो खरा, पण शिकवणारा वरिष्ठ जवळ नाही, सोनोग्राफीचं यंत्र आहे तर चालवणारा नाही, राहायला क्वार्टर गळकं. तो वर्षभर पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतो आणि जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मग टिकतं कोण? थायलंडने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या वेगळ्या जागा ठेवल्या आणि त्यांना रुग्णांवरचं शिक्षण राजधानीत न देता प्रादेशिक रुग्णालयांत दिलं. हे डॉक्टर नेहमीच्या मार्गाने आलेल्यांपेक्षा ग्रामीण सेवेत जास्त टिकले. तमिळनाडूत सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना राज्याच्या वाट्याच्या पदव्युत्तर जागांत ५० टक्के आरक्षण आहे. गावात काढलेली वर्षं पुढच्या शिक्षणात कामी येतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत आता प्रत्येकी १०० जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. त्यात लांजा, मंडणगड, दोडामार्गची मुलं किती येतात आणि प्राध्यापकांच्या किती जागा भरलेल्या राहतात, यावर पुढचं ठरेल. निवेदनं द्यायचीच असतील तर या दोन गोष्टींसाठी द्या.

परतलेल्यांची उदाहरणं विचाराल तर दक्षिण कोरियाने १९६६ मध्ये किस्ट ही संशोधन संस्था काढून अमेरिकेतल्या आपल्या शास्त्रज्ञांना बोलावलं. विद्यापीठापेक्षा चांगला पगार, घर आणि संशोधनाची मोकळीक दिली. तैवानने १९८० मध्ये शिंचू सायन्स पार्क उभा केला. दोन्हीकडे काम आधी तयार होतं, आवाहनं नंतर झाली.

आमच्या पाच ट्रॉलर. मेकॅनिक तयार केला की दोन हंगामांत कुवेत किंवा शेजारचा मालक पळवतो. — एक नौकामालक, हर्णे

तुम्ही त्याला पगार दहा महिन्यांचा देता आणि घर तो बारा महिने चालवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा मेकॅनिकला ‘नारळी पौर्णिमेला ये’ म्हणून घरी पाठवलं जातं. कुवेतचा फोन त्या दोन महिन्यांतच येतो.

खरं तर इंजिनाचं काम तेव्हाच करायचं असतं. नौका वर ओढली की आधी इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर मीठ हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता काढणाऱ्या भागाच्या) नळ्यांत बसतं आणि ऑगस्टच्या पहिल्याच फेरीत इंजिन तापतं. नळ्या रॉड घालून साफ करा. गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे ठोकळे निम्मे झिजले असतील तर बदला. समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) चांगला दिसला तरी नवा घाला आणि जुना हाताशी ठेवा. गिअरबॉक्सचं तेल, इंजेक्टरची तपासणी, शाफ्टचं अलाइनमेंट. पाच नौकांचं हे काम एका मेकॅनिकला आणि दोन पोरांना दोन महिने पुरतं. पगार फुकट जात नाही.

एकाच माणसाच्या डोक्यात सगळं राहिलं की तो गेल्यावर नौकाच थांबते. साधी गोष्ट घ्या, शाफ्टची ग्लँड, म्हणजे पंख्याचा दांडा नौकेबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग. दोरी भरलेल्या जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून इंजिन चालू असताना थेंब थेंब पाणी पडायलाच हवं, त्यावरच ती थंड राहते. नवखा पोरगा गळती समजून ती आवळून कोरडी करतो, दोरी जळते आणि शाफ्टला खाचा पडतात. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. प्रत्येक नौकेवर एक जाड वही ठेवा : इंजिनाचे तास, तेल कधी बदललं, कुठला सुटा भाग कोणत्या मापाचा, काय बिघडलं आणि कशाने सुटलं. मेकॅनिकला लिहायचा कंटाळा असेल तर त्याने सांगावं, तांडेलाच्या (नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या) शिकलेल्या पोराने लिहावं.

पळवापळवीवर एकट्या मालकाकडे इलाज नाही. मच्छीमार सोसायटीत बसून तीन श्रेणी ठरवा : शिकाऊ, मदतनीस, मुख्य मेकॅनिक, प्रत्येकीचा किमान पगार सगळ्यांनी पाळायचा. दुसऱ्याचा शिकाऊ हंगामाच्या मध्यात घेतला तर त्याच्या शिक्षणाचा खर्च आधीच्या मालकाला द्यायचा. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकची पोरं शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यायची तर सोसायटीच्या नावाने अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा. राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. पोराला शेवटी प्रमाणपत्र मिळतं. त्याच प्रमाणपत्रावर तो कुवेतला जाईल, अशी भीती काही मालकांना वाटते. चार पोरं शिकवलीत तर दोन राहतील. एकच शिकवलात तर सगळं त्याच्याच हातात.

१४ वर्षं बहरीनला आहे. परत येऊन काजू प्रक्रिया युनिट टाकायचं आहे. २५ लाखांचा प्रकल्प, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून (उद्योगाला कर्ज आणि अनुदान देणारी केंद्राची योजना). काही चुकतंय का? — एक वाचक, मूळ गाव वेंगुर्ले तालुका

यंत्रांचा हिशेब बरोबर असेल, कच्च्या मालाचा राहिला आहे. काजू बी मिळते मार्च ते मे, कारखाना चालवायचा वर्षभर. रोज १०० किलो बी फोडायची तर ३०० दिवसांना ३० टन लागते. किलोला १५० रुपये धरले तर ४५ लाख, तेही दोन-तीन महिन्यांत रोख मोजायचे. तुमच्या सगळ्या प्रकल्पाच्या जवळजवळ दुप्पट. बहुतेक नवी युनिटं यंत्रामुळे बंद पडत नाहीत. जूनपासून बी विकत घ्यायला पैसे नसतात म्हणून पडतात. पहिल्या वर्षी १० टनांचं गणित मांडा किंवा बँकेशी गोदामातल्या मालावर खेळत्या भांडवलाची बोलणी आधी करा. अनुदानाच्या भरवशावर तर राहूच नका. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे) ३५ टक्के मिळतं खरं, पण ते तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीत अडकलेलं असतं.

साठवणही बघा. बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवून ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास आणल्याशिवाय पोती भरू नका. आपल्या पावसाळ्यात ओली बी आतून काळी पडते आणि ते फोडल्यावरच कळतं.

आणि ज्या कौशल्याचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही, ते फोडणाऱ्या बायकांचं. १०० किलो बीमधून साधारण २५ किलो गर निघतो. तो अख्खा निघाला की पाकळी-तुकडा झाला, यावर भाव ठरतो, आणि ते कटरवर बसलेल्या हातावर आहे. मजुरी नुसत्या किलोवर दिलीत तर हात घाई करतो आणि तुकडा वाढतो. किलोचा दर ठेवा, वर अख्ख्या गराच्या प्रमाणावर जादा द्या. टरफलातल्या तेलाने हाताची साल जाते म्हणून मोजे द्या, आणि ते नको म्हणत असतील तर बोटांना घट्ट बसणारे दुसरे आणा. हात भाजलेली बाई चार दिवस येत नाही आणि पुढच्या वर्षी शेजारच्या युनिटमध्ये दिसते.

परतण्याच्या तारखेबद्दल : आधीच्या १० आर्थिक वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिला असाल, तर परतल्यावर काही काळ ‘रहिवासी, पण सामान्य रहिवासी नव्हे’ हा दर्जा मिळतो आणि तिकडच्या ठेवींवरच्या व्याजावर इथे कर लागत नाही. एनआरई (अनिवासी भारतीयाचं रुपयातलं) खातं मात्र परतल्यावर बँकेला कळवून साध्या निवासी खात्यात बदलावं लागतं. एफसीएनआर (परकी चलनातली) ठेव मुदत संपेपर्यंत ठेवता येते. येण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटकडून पासपोर्टवरचे शिक्के मोजून घ्या.

मुलाला मर्चंट नेव्हीत पाठवायचं आहे. ओळखीचा माणूस जहाजावर लावायचे चार लाख मागतो. — एक पालक, गुहागर

देऊ नका. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना लागतो, आणि परवानाधारकाला खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायला मनाई आहे. परवाना क्रमांक मागा आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला. कोर्सची फी वेगळी. ती मान्यताप्राप्त संस्थेच्या खात्यातच भरा, कोणाच्या हातात नाही.